चपड्याचे तीन हात

बॅले म्हटलं की लोकांना गुलाबी रिबिनी आठवतात. मला कात्री आठवते. शिंप्याची, काळ्या मुठीची, हातभर लांब. सदरमधल्या आमच्या नाचाच्या मिसच्या घरामागच्या व्हरांड्यात ती खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला एकच काम होतं, मेलेले बूट कापायचं.

नागपुरात कुठला आलाय बॅले, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. काहून? नागपुरात काय फक्त संत्रीच पिकायची? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सदरला, अजनीला, कामठीला अँग्लो-इंडियन लोकांची भरपूर घरं होती. मिस त्यांतलीच. तिचा नवरा रेल्वेत गार्ड होता. तो वारला, मागे एक ग्रामोफोन आणि रिकामं घर राहिलं. तिनं व्हरांड्यात मालगाडीच्या डब्याच्या जुन्या फळ्या ठोकून घेतल्या, भिंतीला नळाचा पाइप बसवला आणि आम्हा कॉन्व्हेंटच्या पोरींना नाच शिकवायला घेतला. ती आमच्याशी हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलायची. मी इथं सगळं मराठीत सांगते आहे, कारण तिच्या शिव्या तिच्याच तोंडी शोभायच्या.

ते टोकावर उभं राहायचे बूट कधी हातात घेतलेत का? आमच्या महाल भागातल्या गल्लीत बायकांना वाटायचं, आत लाकूड असतं. माझ्या आईची तर खात्री होती की लोखंड आहे. काही नसतं हो. कापडाचे थर, खळ आणि वरून साटीन. बोटांपाशी डबीसारखा कडक भाग, तळव्याखाली एक ताठ पट्टी. संपलं. त्या खळीच्या जिवावर सगळं शरीर उभं. घामानं ती खळ भिजते, वाळते, परत भिजते. पावसाळ्याच्या दमट हवेत तर बूट नुसते टांगून ठेवले तरी नरम पडायचे. आणि मग एक दिवस बूट मरतो.

मेला हे ओळखायची मिसची पद्धत होती. बूट डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताचा अंगठा तळाच्या मधोमध रोवायचा आणि दाबायचं. जिवंत बूट अंगठ्याला परत ढकलतो. मेलेला आत घेतो. मग ती त्याचं टोक फळीवर आपटून आवाज ऐकायची. तरी शंका राहिली तर पोरीला बूट घालून टोकावर चढवायची आणि बाजूनं बघायची, पोरगी बुटाच्या वर उभी आहे की बुटात बुडाली आहे. पण हे सगळं तिच्या समाधानासाठी. ती म्हणायची, बूट मेला हे सगळ्यात आधी नाचणारीच्या पायाला कळतं, आणि कबूल सगळ्यात शेवटी तीच करते.

अंगठा आत गेला की मिस म्हणायची, "मर गया." मग कात्री. आमच्या डोळ्यांसमोर ती बूट मधोमध कापायची, म्हणजे कोणी चोरूनही घालू नये. मेल्या बुटावर पाय मुरगळतो, हाड मोडतं, हे ती दर आठवड्याला सांगायची. जी मेलेला बूट लपवेल तिनं व्हरांड्याची पायरी परत चढायची नाही, हा नियम होता.

आता कापला तर कापला, दुसरा आणा, असं ते नव्हतं. बूट विलायतेहून यायचे. मिसची बहीण मुंबईत नाच शिकवायची, ती मागवायची आणि डिसेंबरात नागपूरला येताना आमच्यासाठी चार जोड आणायची. वर्षाला चार जोड, टोकावर नाचणाऱ्या पोरीही चार. दोघी रेल्वे कॉलनीतल्या, एक मी आणि एक ती. तिचं नाव मी लिहिणार नाही. कोणाचंच लिहिणार नाही, पण तिचं घ्यायचा हक्क मला मुळातच नाही.

ती नर्सची पोरगी. वडील नव्हते, आई रेल्वेच्या दवाखान्यात. राहायला इंदोऱ्याला. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षा घ्यायला पायी आले होते, हे ती शाळेत निबंधात लिहायची आणि ताठ उभी राहून वाचायची. वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. दोघी चौदा वर्षांच्या, दोघींच्या पायाचं माप एक. मधल्या सुट्टीत माझा डबा ती खायची, तिचा मी. पण आमच्या घरी ती कधी आत आली नाही. पायरीवर थांबायची. आईनं खिडकीत एक वेगळा पितळी पेला ठेवला होता. तिनं त्याला कधी हात लावला नाही, पाण्याची बाटली घेऊन यायची. मला वाटायचं तिला बाटलीची सवय आहे. खरं म्हणजे मला काही वाटायचंच नाही. मी काय वेडी नव्हते, मला सोयीचं तेवढंच दिसायचं.

आणि ती नाचायची कशी, तर तोंडात बोट घालावं अशी. मी मेहनती होते. माझ्याबद्दल लोक एवढंच म्हणायचे, मेहनती आहे. तिच्याबद्दल कोणी काही म्हणायचं नाही, नुसते बघत राहायचे. दर डिसेंबरात रेल्वेच्या क्लबात मिसचा कार्यक्रम व्हायचा. त्यात शेवटचा नाच एकटीचा असायचा, तीन मिनिटांचा. त्या वर्षी मिसची बहीण तो नाच बघून एका पोरीला मुंबईला आपल्या घरी शिकायला नेणार होती. दसरा झाल्यावर मिसनं जाहीर केलं, शेवटचा नाच नर्सच्या पोरीचा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दुसरी. हिला ताप आला तर तू नाचशील. आणि तुमच्या पायाचं माप एक आहे. कार्यक्रमाच्या आधी हिचे बूट मेले, तर ही तुझे घालेल."

"मग मी काय घालू?" मी विचारलं.

"तू पडदा ओढ."

दुसऱ्या दिवशी क्लासला निघायच्या आधी मी घरी रडत-ओरडत सगळं सांगितलं. आई खिडकीपाशी भाजी निवडत होती. एकटीचा नाच माझ्याकडून गेला याचा तिला राग आलाच, पण खरा भडका बुटांवरून उडाला. "तिच्या पायात तुझे बूट? घालू दे. पण मग ते या घरात परत आणायचे नाहीत. तिकडंच नालीत टाकून ये, सांगून ठेवते." आवाज काही हळू नव्हता. नर्सची पोरगी बाहेर पायरीवर उभी होती, आम्हाला बरोबर क्लासला जायचं होतं. मी बाहेर गेले तेव्हा ती बाटलीचं बूच लावत होती. म्हणाली, "चाल वं, उशीर होऊन राहिला." मी चालू लागले.

आता चपड्याचं सांगते. माझ्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, चार सुतार आणि एक म्हातारे पॉलिश मिस्त्री. लाकडाला लावायची चपडा लाख गोंदियाकडून पोत्यांनी यायची. मिस्त्री ती स्पिरिटमध्ये भिजवून फडक्याच्या बोळ्यानं लावायचे, एकावर एक हात द्यायचे. कपाट आरशासारखं चमकायचं. बुटाचं टोक आतून नरम पडलं की त्यात चपड्याचा एक पातळ हात दिला तर ते आठवडाभर पुन्हा कडक होतं, हे मिसला बहिणीकडून कळलं होतं. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत चारही जोड दर आठवड्याला मी कारखान्यात घेऊन जायची, आतून टोकांना हात द्यायची, वाळवायची आणि परत आणून खिळ्याला टांगायची. हे काम मिसनं माझ्यावर सोपवलं होतं. माझी मान किती ताठ झाली होती त्या कामानं!

मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हौसेनं वेताच्या खुर्चीच्या पाठीला चपडा लावायला घेतला, तर त्यांनी बोळा हातातून काढून घेतला. "जे वाकते त्याले चपडा द्याचा नाई, पोरी. टणक होते, पण मंग तडकते. वाकत नाई, मोडते." म्हणून बुटाच्या टोकाला चपडा चालतो, तळाच्या पट्टीला नाही. टोक वाकत नाही. पट्टीला प्रत्येक पावलाला वाकावं लागतं. हे मला माहीत होतं. हे वाक्य दोनदा वाचा, कारण पुढं कोणी माझी बाजू घेऊ नये. मला माहीत होतं.

कार्यक्रम रविवारी होता. शेवटचे तीन दिवस मिस आम्हाला बूट घालू द्यायची नाही, ते जपायचे म्हणून मोज्यांवरच सराव. गुरुवारी मी चारही जोड कारखान्यात आणले. टोकं बघता बघता सहज तिच्या उजव्या बुटाच्या तळाला अंगठा लावला. आत गेला. लोण्यात जावा तसा गेला. बूट मेला होता.

होणारच होता. आम्ही दोन तास नाचायचो, ती चार तास नाचायची.

मी तिथं पाटावर बसून सगळा हिशेब डोक्यात केला. रविवारी सकाळी मिस सगळ्या बुटांना अंगठा लावणार. मर गया म्हणणार. कात्री. मग माझे बूट काढून तिला देणार. मी पडदा ओढणार, आणि ती माझ्या बुटांत नाचून मुंबईला जाणार. वर घरी आई ते बूट नालीत टाकायला लावणार. म्हणजे नाच गेला, मुंबई गेली, बूटही गेले. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. तिनं काय केलं होतं? माझ्यापेक्षा चांगली नाचली होती. पोरींच्या जगात याहून मोठा गुन्हा नसतो.

मी बुटाच्या आतलं अस्तर नखानं उचकटलं. खाली पट्टी होती, घामानं काळी पडलेली, पुठ्ठ्यासारखी मऊ. चपड्याचा पहिला हात दिला. पट्टीनं तो पिऊन टाकला. दुपारी दुसरा दिला. शुक्रवारी सकाळी तिसरा. दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवला. मग अस्तर खळीनं परत चिकटवलं, इतकं बेमालूम की माझा मलाच अभिमान वाटला. शनिवारी अंगठा लावून पाहिला. अंगठा दुखला. बूट असा टणक झाला होता की नवा वाटावा.

पाय मोडेल असं मी ठरवलं होतं का? नाही. अडखळेल, पडेल, बहिणीसमोर हसं होईल, एवढंच मनात होतं. म्हणजे बघा, मी किती दयाळू.

रविवारी सकाळी मिस खुर्चीत बसली, आम्ही चौघी रांगेत. रेल्वे कॉलनीतल्या एकीचा डावा बूट तिनं बराच वेळ दाबला आणि सोडून दिला. माझे पास झाले. मग नर्सच्या पोरीचा उजवा बूट हातात घेतला. मिसनं अंगठा रोवला, फळीवर टोक आपटलं. ठक्क. "अच्छा है," ती म्हणाली आणि पिशवीत टाकला. स्पिरिटचा वास तर सगळ्याच बुटांना होता.

संध्याकाळी क्लबचा हॉल भरला. मिसची बहीण मुंबईच्या गाडीनं परस्पर आली, नव्या बुटांची पेटी पायाशी ठेवून पहिल्या रांगेत बसली. आत आम्ही बूट बांधले. नर्सची पोरगी कोपऱ्यात खिडकीची चौकट धरून दोनदा टोकावर चढली, उतरली, परत चढली. मग बराच वेळ खाली पायाकडे बघत राहिली. मी रिबीन बांधायचं निमित्त करून मान वर केली नाही. ती माझ्याजवळ आली. वाटलं, आता विचारते. ती म्हणाली, "तुह्या केसाची पिन सुटली." पिन नीट केली आणि गेली.

पहिली दोन मिनिटं ती अशी नाचली की मी पडद्याआड उभी राहून विसरले. खरंच विसरले. हॉलमध्ये कोणी खोकत नव्हतं. मग तिला उजव्या पायावर चढून सावकाश वळायचं होतं. चढली, वळली, अर्ध्यावर आवाज आला. बांबूची कामटी मोडावी तसा. पाय बुटासकट आतल्या बाजूला दुमडला आणि ती खाली आली. लोकांना वाटलं नाचातलंच आहे. टाळ्या पडल्या. ती उठली. डाव्या पायावर उठली, हात वर केले, आणि उजवा टेकवायला गेली. तेव्हा मात्र किंचाळली. टाळ्या तरीही दोन-चार जण वाजवतच होते.

तिला उचलून आत आणलं आणि मिसनं मला ढकललं. "जा. संपव." मी गेले. उरलेलं मिनिट नाचले, माझ्या चांगल्या बुटांत. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते मला मिळालं. फळ्यांवर तिच्या घामाचे थेंब होते, ते चुकवत नाचले. नंतर मिसच्या बहिणीनं मला वर-खाली पाहिलं आणि मिसला म्हणाली, "बूट चांगले आहेत हिचे." बस, एवढंच. मुंबईला ती कोणालाच घेऊन गेली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

आत येऊन पाहिलं तर ती बाकावर आडवी, घोटा भोपळ्याएवढा. मिसनं तिचा बूट कापून काढला होता आणि पट्टीचे दोन तुकडे हातात धरले होते. चपडा चमकत होता, तपकिरी. मिसनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिला विचारलं, "कोणी केलं हे?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी."

मी तोंड उघडलं नाही. मिसनं ते दोन तुकडे बाकावर ठेवले. मग नियम तो नियम म्हणून तिनं सांगितलं, आता तू यायचं नाही. पाय मोडलेल्या पोरीला सांगितलं. मीही ते ऐकत उभी राहिले.

हाड जुळलं, पण घोटा वळेना. मी एकदा इंदोऱ्याला तिच्या घरी गेले. तिच्या आईनं दारातच सांगितलं, झोपली आहे. आतून रेडिओ चालू होता आणि कोणीतरी स्टेशन बदलत होतं. मला किती हायसं वाटलं! परत गेले नाही. शाळेत तिनं बाक बदलला. वर्षभरात मी नाच सोडला, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, एक मुलगी झाली. आणि या सगळ्या वर्षांत मी मनाशी एक गोष्ट घोळवत राहिले, की तिनं मला वाचवलं. मैत्रिणीसाठी तिनं स्वतःवर घेतलं. नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली होती, चपड्याचा भाग वगळून. सांगताना डोळ्यांत पाणी यायचं. नवरा म्हणायचा, अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

चौदा वर्षं गेली. माझी मुलगी आठ वर्षांची झाली आणि तिनं नाचाचा हट्ट धरला. चौकशी केली तर कळलं, मिसचे गुडघे गेल्यावर तिनंच नर्सच्या पोरीला परत बोलावून घेतलं होतं. आधी ग्रामोफोन लावायला, मग पोरींना ताल मोजून द्यायला. पुढं मिस ऑस्ट्रेलियाला भाच्याकडे निघून गेली आणि क्लास हिच्या हातात आला. नागपुरात दुसरीकडे कुठं हा नाच शिकवत नव्हते. मला ना, खरं सांगते, आनंदच झाला. मनात सगळा सीन रंगवला. ती मला मिठी मारेल, मी रडेन, मी सांगून टाकेन, ती म्हणेल जाऊ दे वं.

व्हरांडा तोच होता. ती बाहेर आली, उजवा पाय किंचित ओढत. केस पांढरे व्हायला लागले होते, अठ्ठाविसाव्या वर्षी. मला ओळखलं. मिठी-बिठी काही नाही. माझ्या मुलीला तिनं आत फळ्यांवर बसवलं, दार लोटलं आणि मला विचारलं, "उजव्या बुटाले किती हात देल्ले होते?"

मी आधी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हटलं, "तीन."

"मले दोनच वाटले."

"तुला माहीत होतं?"

"टोकावर चढली तेव्हाच समजलं. वाकतच नव्हता. करकर करून राहिला होता."

"मग मिसला काहून नाही सांगितलं?"

मास्तर मठ्ठ पोराकडे बघतो तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तुहे बूट घालावे लागले असते. तुही माय खिडकीत काय बोलली होती, मी पायरीवरच होती ना. म्या म्हटलं, पाय मोडला तर मोडला. तुमच्या घरचं काही पायात घालून नाचाचं नाई."

मी खाली बघत होते. तरी जीभ गप्प बसेना. मी म्हटलं, "पण तू माझं नाव घेतलं नाहीस. मला वाचवलंस."

ती हसली. पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू मला नको होतं. "तुले? तुले कोण वाचवते? म्या जाणूनबुजून घातले होते, म्हणून म्या म्हटलं, ‘मी’. चौदा वर्षाची होती, मस्ती होती अंगात. वाटलं, पाय माहा, मोडीन नाहीतर ठेवीन, मीच ठरवीन. त्या वक्ती तू माह्या डोक्यातच नव्हती."

चौदा वर्षं ज्या मैत्रीवर मी रडत होते ती मैत्री अशी एका वाक्यात निघाली. मी तिच्या आयुष्यातली वैरीणसुद्धा नव्हते. मला तेव्हा वाईट कशाचं वाटलं, तिच्या पायाचं? नाही. मी तिच्या डोक्यात नव्हते, याचं वाटलं. माझी जात ही अशी आहे.

तिनं दार ढकलून आत पाहिलं. माझी मुलगी पाइपला धरून टाचा उचलायचा प्रयत्न करत होती. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिचा आवाज बदलला, शिकवणाऱ्या बाईचा झाला. "पाय चांगले आहेत पोरीचे. तुझ्यापेक्षा कितीतरी चांगले. मी शिकवीन." मग म्हणाली, "पण माझा पाय कसा गेला ते मी इथल्या प्रत्येक पोरीला पहिल्याच दिवशी सांगते. सांगावंच लागतं, बुटाशी खोटेपणा करू नये म्हणून. बाकीच्यांना नाव सांगत नाही. तुझ्या पोरीला सांगीन. चालते का?"

मी म्हणू शकले असते, नाही चालत. मुलीचा हात धरून घरी आणू शकले असते. मी हो म्हटलं. त्यात माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं. वाटलं, आठ वर्षांची पोर, तिला काय कळतंय, चार दिवसांत विसरेल.

तिनं दार आतून लावून घेतलं. मी पायरीवर बसले. आत आधी बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग ग्रामोफोन सुरू झाला आणि ती मोजू लागली, एक, दो, तीन, चार. तासभर मोजत होती.

पोरगी बाहेर आली ती घामाघूम, गाल लाल. मी विचारलं, "आवडलं का?"

"हो."

"परत यायचं?"

"हो. रोज."

एवढंच बोलली. एरवी शाळेतून आली की तिचं तोंड मिनिटभर बंद नसायचं. आम्ही सदरच्या मोठ्या रस्त्यावर आलो. रिक्षा, टांगे, सायकली, संध्याकाळची गर्दी. रस्ता ओलांडायला मी नेहमीसारखा हात पुढे केला. हात धरल्याशिवाय तिनं तोवर कधी रस्ता ओलांडला नव्हता, माझा हात दिसला नाही तर फुटपाथवर उभी राहून रडायची.

"मी माझी येते," ती म्हणाली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मला मागे ठेवून एकटीच पलीकडे गेली.